फाटलेले पान आणि चिकटलेले पान : आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास

१/ अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हरवलेल्या पानांचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक पान फाटून गेलेले असते. दुसरे जागेवरच असते, पण शेजारच्या पानाला असे चिकटलेले की वाचताच येत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या दोहोंतील फरकावर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असू शकते. तो फरक समजायला विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली. हा धागा त्या शंभर वर्षांचा.

२/ सुरुवात १८९५ साली, अमेरिकेतील मिशिगन राज्यात होते. विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले की आपण कर्करोगानेच मरणार, कारण घराण्यात तसेच होत आले आहे. तिचे म्हणणे खरे ठरले. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी अशाच कुटुंबांचा पाठपुरावा केला. या आनुवंशिक विकाराला आज त्यांचेच नाव आहे.

३/ त्याच १८९५ साली क्वेट्टा येथे वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा पुढे त्यांच्याकडे आली. भारतीयांना कर्करोग क्वचितच होतो, असा समज तेव्हा रूढ होता. खानोलकरांनी इथल्याच रुग्णांच्या नोंदी आणि इथल्याच ऊती तपासून त्याला उत्तर दिले. तंबाखू आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील मुंबईचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या माणसांचा रोग आपल्या माणसांतच अभ्यासला पाहिजे, हा या कामाचा धडा.

४/ १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीतील निर्वासितांच्या वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. त्याच वर्षी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये (स्थापना १९५२) त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आली, तरच ती काय करते हे पाहता येते.

५/ आता मूळ प्रश्न. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच ग्रंथ असतो. मग आतड्याची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या का? कारण प्रत्येक पेशी त्या ग्रंथातील ठरावीक पानेच वाचते. वाचलेल्या पानाची आरएनए नावाची नक्कल निघते आणि तिच्यावरून बहुधा प्रथिन घडते. या वाचनालाच जनुकाभिव्यक्ती म्हणतात.

६/ मोठ्या आतड्याच्या अस्तरात लक्षावधी सूक्ष्म खळगे असतात. तळाशी मूळपेशी सतत विभागत असतात आणि नव्या पेशी हळूहळू वर सरकतात. वर जाताना विभाजनाची पाने मिटतात. पाणी शोषण्याची, श्लेष्मा बनवण्याची पाने उघडतात. चार-पाच दिवसांत पेशी गळून पडते आणि नवी तिची जागा घेते.

७/ या शिस्तीचा मोठा राखणदार म्हणजे १९९१ मध्ये ओळखले गेलेले एपीसी हे जनुक. ते निकामी झाले की 'विभागत राहा' हा तळाचा निरोप वरही चालूच राहतो. त्या निरोपाने मिक हे वाढीचे जनुक जोराने वाचले जाते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. पेशी वर पोहोचते, पण वागते तळातल्यासारखी. अशा पेशी साचून लहानशी गाठ होते. तिला पॉलिप म्हणतात.

८/ अशा पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला : एपीसी, मग केरास, पुढे टीपी५३ अशा जनुकांत बिघाड साचत जातात. हे कामही जॉन्स हॉपकिन्समधलेच. पॉलिप वेळीच काढला तर पुढचे टप्पे घडतच नाहीत. दुर्बिणीच्या तपासणीचे सारे महत्त्व यात आहे.

९/ परंतु ही झाली प्रामुख्याने फाटलेल्या पानांची यादी. १९९३-९४ मध्ये लिंच विकारामागची जनुके सापडली. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारे एमएलएच१ हे त्यांपैकी एक. नंतर, १९९७च्या सुमारास, एक विलक्षण गोष्ट दिसली. कित्येक गाठींत एमएलएच१चे अक्षरही बदललेले नव्हते. त्याच्या आरंभी मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा चिकटल्याने ते वाचलेच जात नव्हते.

१०/ सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठींत एमएलएच१ प्रथिन गायबच दिसते. पण पान जन्मापासून फाटलेले असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी, आणि भावंडांची तपासणीही तातडीची ठरते. पान उतारवयात चिकटलेले असेल, तर तो दोष सहसा वारशाने जात नाही. एकाच अहवालातून दोन घरांना दोन वेगळे निरोप मिळतात. म्हणूनच प्रथिन गायब आहे एवढ्यावर न थांबता पुढची चाचणी करावी लागते.

११/ दरम्यान, हजारो पाने एकाच वेळी वाचण्याची साधने आली. १९९९ मध्ये आतड्याच्या ४० गाठी आणि २२ निरोगी नमुने घेऊन सुमारे ६,५०० जनुकांचे वाचन झाले. गाठी आणि निरोगी ऊती त्यातून वेगळ्या ओळखता आल्या. २०१२ मध्ये २७६ गाठींचा सर्वांगीण जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये अभिव्यक्तीच्या आधारे या रोगाचे चार प्रकार मांडले गेले.

१२/ इतिहासाचा विद्यार्थी इथे नेहमीचा प्रश्न विचारतो : या दफ्तरात कोणाची कागदपत्रे आहेत? अशा मोठ्या संग्रहांत युरोपीय वंशाच्या रुग्णांचे नमुने बहुसंख्य आहेत. आपल्याकडचे चित्र मात्र वेगळे दिसते. टाटा मेमोरियलने २०१३-१४ मधील सलग ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी वय सुमारे ४७ निघाले; अमेरिकेत निदानाचे सर्वसाधारण वय साठीपुढचे आहे. आपली लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक कारण. तेवढेच कारण आहे का, हे आपल्याच नमुन्यांतून ठरेल.

१३/ वय कमी म्हणजे आनुवंशिकतेचा प्रश्न अधिक निकडीचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून लोकलने परळला येणाऱ्या तरुण रुग्णाच्या गाठीत पान फाटले आहे की चिकटले आहे, यावर घरी थांबलेल्या भावंडांचे पुढचे आयुष्य बदलू शकते. शौचातून रक्त जाणे हे मूळव्याधीचेच लक्षण असे परस्पर ठरवून महिने दवडणे म्हणूनच महागात पडते.

१४/ वॉर्थिन यांनी एका स्त्रीचे बोलणे टिपून ठेवले, म्हणून पुढच्या पिढ्यांना धागा सापडला. खानोलकरांनी इथल्या रुग्णांची नोंद केली, म्हणून एक रूढ समज ढासळला. जनुके वाचणारी यंत्रे कितीही वेगवान झाली तरी ती वाचतात फक्त जपून ठेवलेले नमुने. परळ आणि खारघरच्या शीतकपाटांत आज जे जपले जाईल, तेच उद्याच्या संशोधकाचे दफ्तर असेल.

(समाप्त)