राणीच्या जत्रेतली सोंगं

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण टोकाला, केनोशाजवळ, दर उन्हाळ्यात शनिवार-रविवारी एक गाव जागं होतं. गावाचं नाव ब्रिस्टल, साल १५७४. वेशीतून आत गेलं की लोहार, कुंभार, खानावळी, भाले रोखून एकमेकांवर धावून जाणारे घोडेस्वार, आणि लवाजम्यासह येणारी पहिली एलिझाबेथ. राणी इतिहासातली. पण तिची स्वारी येताना टोपी काढून वाकणारा पाववाला, कर्कश आवाजात माल विकणारी मासेवाली, हौदावर धुणं बडवणाऱ्या बाया, ही माणसं कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत. ती नटांनी रचलेली आहेत. अशा गावांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की इथे खऱ्यात खोटं मिसळून इतिहासाचं मातेरं केलं आहे. मला तो पटत नाही. ही सरमिसळ अमेरिकेत जन्मली नाही. ज्या काळाचं सोंग इथे घेतात, त्या काळानं स्वतःच ती करून ठेवली आहे.

१५७४ हे साल हवेतून काढलेलं नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राणीचा मुक्काम खरोखरच इंग्लंडातल्या ब्रिस्टल बंदरात आठवडाभर होता. शहरानं तिच्यासमोर तीन दिवस लुटुपुटीची लढाई केली. त्यासाठी खोटे किल्ले उभारले होते आणि पद्यं लिहिली होती टॉमस चर्चयार्ड नावाच्या, स्वतः रणांगणं पाहिलेल्या कवीनं. म्हणजे मूळ ब्रिस्टलमध्येही राणी तेवढी खरी होती, तिच्यापुढचं युद्ध खोटंच होतं.

पुढच्याच वर्षीचा केनिलवर्थचा मुक्काम तर या साऱ्या जत्रांचा मूळपुरुष म्हणावा असा आहे. लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली यानं १५७५ च्या जुलैत राणीला आपल्या गढीत १९ दिवस ठेवून घेतलं. ९ जुलैच्या संध्याकाळी ती आत शिरते तोच तळ्यावरून दिव्यांनी उजळलेलं एक बेट तरंगत आलं. त्यावर ‘तळ्याची देवी’ उभी, आर्थर राजाच्या कथांमधली. तिनं सांगितलं, की आर्थरच्या काळापासून मी हे तळं राखते आहे, आता ते तुझ्या स्वाधीन करते. राणीनं उत्तर दिलं, की तळं आमचंच आहे अशी आमची समजूत होती! प्रत्यक्ष राज्यकर्ती बाई एका काल्पनिक पात्राशी, ते पात्र खरं धरून, हजरजबाबी बोलली. आज वेशीतल्या मासेवालीला प्रेक्षक जसं उत्तर देतो, अगदी तसंच.

दोन दिवसांनी राणी शिकारीवरून परतत होती. मशालींच्या उजेडात रानातून एक ‘रानमाणूस’ पुढे आला. अंगावर शेवाळ आणि वेली, हातात मुळासकट उपटलेलं झाड. हा होता जॉर्ज गॅस्कॉइन, त्या काळचा नावाजलेला कवी. राणीची स्तुती करून झाल्यावर शरण आल्याची खूण म्हणून त्यानं ते झाड मोडलं. त्याचा शेंडा उडाला तो राणीच्या घोड्याच्या डोक्याला लागता लागता राहिला. घोडा बुजला, सेवक धावले. काही झालेलं नाही, असं राणीनं स्वतःच सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हे आपल्याला कळतं ते तिथे हजर असलेल्या माणसाच्या पत्रातून. त्या एका मोडक्या फांदीमुळे मला तो सगळा समारंभ जिवंत वाटतो.

आणखी मागे गेलं तर रॉबिन हूड भेटतो. अमेरिकेतल्या कित्येक जत्रांत तो ट्यूडर राजाराणीच्या शेजारी दिसला की लोक कुरकुरतात, की दंतकथेतला दरोडेखोर इथे कसा. पण १५१० मध्ये तरुण आठवा हेन्री स्वतःच हिरवा झगा चढवून, रॉबिन हूडच्या टोळीचं सोंग घेऊन आपल्या राणीच्या महालात घुसला होता. १५१५ च्या मे महिन्यात ग्रीनिचजवळच्या शूटर्स हिलवर हिरव्या कपड्यांतले २०० तिरंदाज राजाराणीला सामोरे आले. त्यांच्या म्होरक्यानं आपलं नाव रॉबिन हूड सांगितलं आणि दोघांना रानातल्या मांडवात नेऊन हरणाचं मांस आणि मद्य वाढलं. ते तिरंदाज राजाच्याच पहाऱ्यातले होते. खेड्यापाड्यांतही मे महिन्याच्या खेळांत रॉबिन असेच. बिशप लॅटिमरनं १५४९ च्या प्रवचनात तक्रार केली आहे, की एका गावी मी उपदेशाला गेलो तर देवळाला कुलूप, कारण गाव रॉबिन हूडचा दिवस पाळायला गेलं होतं! रॉबिनची प्रेयसी मॅरियनसुद्धा मूळची इंग्लंडची नव्हे. ती तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच नाटकातली मेंढपाळीण. मे महिन्याच्या खेळांनी तिला इंग्लंडात आणलं आणि रॉबिनच्या शेजारी उभं केलं.

मधली शतकं मी भराभर ओलांडतो. १९०५ मध्ये इंग्लंडातल्या शेरबोर्न गावात लुई पार्करनं सुमारे ९०० गावकऱ्यांना घेऊन गावाच्याच इतिहासाचं उघड्यावर नाट्य केलं. त्यातून अशा देखाव्यांची लाट आली आणि ती अमेरिकेतही पोचली.

आजच्या जत्रेचा थेट जन्म मात्र लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियनमधल्या एका परसातला. फिलिस पॅटरसन नावाची शिक्षिका तिथे मुलांना नाटक शिकवत असे. ‘कॉमेदिया देल आर्ते’ या सोळाव्या शतकातल्या इटालियन प्रकारावर तिचा भर होता. यात लिहिलेले संवाद नसतात. कंजूष म्हातारा पांतालोने, बडबड्या दोत्तोरे, खोडकर आर्लेकिनो अशी ठरलेली पात्रं, गोष्टीचा सांगाडा, बाकी सगळं ऐनवेळी. वगातला सोंगाड्या पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

११ आणि १२ मे १९६३ रोजी फिलिस आणि तिचा नवरा रॉन यांनी नॉर्थ हॉलिवूडच्या एका रँचवर पहिली ‘रेनेसाँ प्लेझर फेअर’ भरवली. जाहिराती न घेता श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केपीएफके या रेडिओ केंद्रासाठी निधी जमवणं हा उद्देश. सुमारे ८,००० लोक आले. हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे कामाला मुकलेले कलावंतही या जत्रांच्या उभारणीत राबले. त्यांना आपल्या काळात मोकळेपणी बोलता येत नव्हतं, तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या बाजारात उभं राहून बोलता आलं. हे मला या वंशावळीतलं सर्वांत मोलाचं पान वाटतं.

फिलिसचा आग्रह होता, की नुसता पोशाख चढवून कोणी उभं राहायचं नाही. जत्रेआधी कार्यशाळा होत. त्यात बोलण्याची ढब, कपडे, चालीरीती शिकवत. माणूस कुठला, धंदा काय, कोणापुढे वाकतो, हे ठरवल्याशिवाय पात्र तयार होत नसे. राणीचं सोंग घेणारीला आधाराला चरित्रं आहेत, चित्रं आहेत. धोबिणीला काहीच नाही. तिच्याबद्दल कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिची धुण्याची राख कुठून येते, पाणी किती लांबून आणावं लागतं, हात कसे सोलवटतात, हे सगळं शोधून आणि कल्पून उभं करावं लागतं. म्हणून मी म्हणतो, की या गावातली ‘खोटी’ माणसंच जास्त मेहनतीची आहेत. ज्यांची नोंद राहिली नाही त्यांना तिथे बोलायला तोंड मिळतं.

पुढे ठिकठिकाणी अशी गावं वसली. मेरीलँडमध्ये १९७७ पासून भरणाऱ्या जत्रेच्या गावाचं नाव रेव्हल ग्रोव्ह, तिथे आठव्या हेन्रीचं राज्य. केनोशाची जत्रा १९७० च्या दशकात ‘किंग रिचर्ड्स फेअर’ म्हणून सुरू झाली आणि १९८८ मध्ये ब्रिस्टल झाली. या गावांत मला खटकतं ते खऱ्या पात्रांबाबतचं ढिलेपण. एलिझाबेथचा दरबारी वॉल्टर रॅली याला ‘सर’ ही पदवी १५८५ मध्ये मिळाली. १५७४ च्या गावात कोणी त्याला तशी हाक मारली तर ती चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला हवी. रचलेल्या पात्राला मुभा असते, नोंद असलेल्याला ती नसते.

शिकागो-मिलवॉकीकडच्या मराठी मंडळींना एक सुचवतो. या जत्रेत प्रेक्षकही वेश करून जातात. तुम्ही जाणार असाल तर दरबारी झगा राहू द्या, साधा चाकराचा वेश करा. ब्रिस्टलपासून जवळच असलेल्या विल्टशर परगण्यातला, १५४९ मध्ये जन्मलेला एक तरुण त्याच सुमारास टॉमस पाउंड या कॅथलिक गृहस्थाबरोबर चाकराच्या वेशात वावरत होता, कारण त्यांचा धर्म तेव्हा इंग्लंडात उघडपणे पाळता येत नव्हता. तो १५७५ मध्ये रोमला पोचला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, आणि त्यानं मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. वेशीवर कोणी नाव विचारलं तर टॉमस स्टीफन्स सांगा.