दख्खनचे दंगे (१८७५) : गुन्ह्यामागील निवड

गुन्हा गुन्हेगाराच्या स्वभावातूनच घडतो, ही समजूत दख्खनच्या दंग्यांच्या अभ्यासात टिकत नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव उतरले. पुढे सरकारने शेतसाराही वाढविला. कर्जबाजारी कुणब्यांच्या जमिनी न्यायालयीन हुकूमनाम्यांद्वारे सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली. तथापि दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती स्वाधीन केल्यास सावकारास सहसा इजा होत नसे. न्यायालयात ग्राह्य ठरणारा कागदच जाळणे, ही जाणीवपूर्वक केलेली निवड होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. गुन्हा ठरलेल्या कृत्यामागील गाऱ्हाणे शासनानेच अशा रीतीने मान्य केले.