विस्तवाविना आग

मुळशीत पावसाळ्याआधी राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि खाली काडी. जमीन जाळली म्हणायचं नाही, भाजली म्हणायचं. आपल्या भाषेत ही वाटणी चोख आहे: विस्तवानं भाजतं, उकळत्या चहानं पोळतं, तव्यावर विसरलेली भाकरी करपते. आणि विस्तवच नसेल तर? तेव्हा ‘आग होते’. मिरच्या कुटल्या की हातांची आग होते. मिरची थंडगारच असते. तिच्यातलं द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं.

‘पायांची आग होतेय गं’ असं आजी म्हणाली की घरातलं कोणी काशाची वाटी शोधतं. तळव्याला तूप चोळून वाटी फिरवत राहायची, तूप हळूहळू काळं पडतं. सुश्रुतसंहितेत ‘पाददाह’ आहे, चालताना विशेष जाणवणारा. पण तळपायाची आग मधुमेहातही होते, तेव्हा पाददाह म्हणजेच आता सांगायचा तो आजार असं मी म्हणणार नाही.

पायांची आग करणारा तो आजार विरळा. ऊब लागली, चालणं झालं की पाय लालबुंद होतात, तापतात, ठणकतात. गार पाण्यात बरं वाटतं. (बर्फात फार वेळ बुडवले तर कातडीच खराब होते.) आनुवंशिक प्रकारातला जनुकदोष 2004 साली सापडला: वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतलं सोडियमचं दार जरा जास्तच सहज उघडतं.

फिलाडेल्फियाच्या डॉक्टर वेअर मिचेल यांनी 1878 मध्ये याला ग्रीक नाव दिलं, एरिथ्रोमेलॅल्जिया. एरिथ्रोस म्हणजे लाल, आपल्या ‘रुधिर’चा सख्खा भाऊ. मेलोस म्हणजे अवयव, अल्गोस म्हणजे वेदना. रंग आला, जागा आली, दुखणं आलं. आग कुठाय? रोगी पहिल्यांदा सांगतो तेच राहिलं. मिचेलसाहेबांना जळजळीचा ग्रीक शब्द ठाऊक नव्हता असंही नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी शिपायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याला दिलेल्या ‘कॉसॅल्जिया’ या नावात त्यांनी तो आधीच खर्चून टाकला होता!

1938 मध्ये स्मिथ आणि ॲलन यांनी चूक दुरुस्त करू पाहिली. ‘थर्म’ घालून नवं नाव सुचवलं, एरिथर्मॅल्जिया. ते जुन्याला हटवू शकलं नाही. दोन्ही एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. जीभ दोन्हीकडे अडखळते. आजीचं काम मात्र ‘आग’ या दोन अक्षरांत भागतं.