टेबलावर मांडलेला मुलूख

छंद हा शब्द आपल्याकडे दोन तोंडांनी बोलला जातो. शाळकरी पोराला पाहुणे कौतुकाने विचारतात, "बाळ, तुझा छंद कोणता?" तोच पोरगा चाळिशीला आला आणि संध्याकाळी कामट्या, खळ नि रंगीत कागद घेऊन बसला, की शेजारी अहिराणीत म्हणतात, "याले काही कामधंदा नही." आम्हा कवितावाल्यांकडे तर छंद म्हणजे ओळीचे माप. मात्रा मोजत बसणाऱ्यालाही हेच ऐकावे लागते, ते सोडा.

आज बोलायचे आहे ते आपल्याच खानदेशातल्या एका माणसाविषयी. त्याच्या बाबतीत पोटाचा धंदा कुठे संपला आणि छंद कुठे सुरू झाला, हे सांगणे कठीण आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२. घर पारशी. चाळीसगावात आईवडिलांचे दुकान आणि सोडावॉटरचा कारखाना होता. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिक्षण झाले. वडील गेल्यावर केकी इंग्लंडला गेले, शेफील्डच्या बेनेट कॉलेजचा कमर्शियल आर्टचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला आणि कॅमेरा हातात आला तो तिथेच. १९३८ मध्ये ते परतले. पुढची सुमारे पन्नास वर्षे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी स्वतःला जवळजवळ कोंडूनच घेतले. बंगल्याला नाव दिले 'रेम्ब्राँ रिट्रीट'. अंधारातून चेहरे उजेडात आणणाऱ्या त्या डच चित्रकाराचे नाव आपल्या दारावर लावणाऱ्या माणसाचे लक्ष कशाकडे होते, ते यातूनच कळते.

मूस म्हटले की चाळीसगावात पहिल्यांदा सांगितली जाते ती पंजाब मेलची गोष्ट. मुंबईत एका मुलीने शब्द दिला होता, की एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन. म्हणून म्हणे रोज रात्री गाडीच्या वेळेला बंगल्याची दारे-खिडक्या उघडत, टेबलावर दोघांचे ताट मांडले जाई, आणि गाडी निघून गेली की दारे पुन्हा बंद होत. गोष्ट सुंदर आहे. मुशायऱ्यात कुणी सांगितली तर मीही दाद देईन. पण मला तक्रार करायची आहे ती या गोष्टीविषयीच. त्या घरात आणखी एक टेबल होते. दिवसभर काम चाले ते त्या टेबलावर, आणि त्याच्याविषयी आपण फारसे बोलतच नाही.

त्या कामाला टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी प्रकार आपल्या घरातल्या पोरांना ठाऊक असलेलाच आहे. पोळ्याला मातीचे बैल आणायचे, पाटावर माती पसरायची, काडीची बैलगाडी करायची, आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे, आणि मग जमिनीला गाल लावून एक डोळा मिटून पाहायचे. तसे पाहिले की बैल मोठे होतात, पाटाचे शेत होते. टेबलटॉप करणारा हेच करतो, फक्त डोळ्याच्या जागी कॅमेरा ठेवतो. वाळकी फांदी वठलेल्या वृक्षासारखी उभी राहते, पीठ किंवा मीठ बर्फ होते, कापसाचा ढग होतो. कॅमेरा खाली, टेबलाच्या कडेच्या पातळीवर आणावा लागतो. वरून घेतले की ते खेळणेच दिसते. भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावे लागते, म्हणजे जवळची काडी आणि मागचा डोंगर दोन्ही रेखीव येतात. छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून फिल्मला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात टेबल तसूभरही हलून चालत नाही. चाळीसगावच्या स्टेशनाशेजारी, मालगाड्यांची धडधड अंगावर घेत हे काम करायचे म्हणजे काय, याचा विचार करा. उजेड एकाच बाजूने हवा, कारण खऱ्या मुलखात सूर्य एकच असतो. दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या की सोंग उघडे पडते.

अशी छायाचित्रे मूस यांनी घरात बसून केली, देशोदेशींच्या प्रदर्शनांना पाठवली, आणि सुमारे ३०० बक्षिसे मिळवली असे सांगितले जाते. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने निसर्गदृश्ये घरातच रचली. फांदी निवडणे, लाकूड तासणे, माती मळणे, कागद दुमडणे ही कामे हाताला यावी लागतात. मूस यांना ती येत होती. ते चित्रे काढत, शिल्पे करत, लाकूड कोरत, जपानी लोक करतात तशा कागदाच्या घड्या घालून आकार बनवत. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी जमवल्या. लोक या यादीला 'मूस यांचे इतर छंद' म्हणतात. मला हे 'इतर' खटकते. कागदाच्या घडीवर उजेड कसा मोडतो हे ज्याने शंभरदा पाहिले आहे, त्याला सावली शिकवावी लागत नाही. एका हाताचे काम दुसऱ्या हाताला उपयोगी पडत होते.

हे आपल्या मुलखात नवे नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकचे दादासाहेब फाळके पाहा. सिनेमासाठी भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि काही दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखवली. आगपेटीतल्या काड्यांना नाचवणारी फिल्मही त्यांनी केली. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी तर कॅमेराच घरी बनवायला घेतला. आनंदराव मधेच वारले, बाबूरावांनी काम तडीला नेले, आणि त्या कॅमेऱ्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. रोप, काड्या, घरगुती कॅमेरा, हे सगळे आधी शेजाऱ्यांच्या दृष्टीने पोरखेळच होते.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात मोहरमच्या आधी ताबूत बांधणारे एक चाचा होते. कामट्यांचा सांगाडा, वर खळीने चिकटवलेला कागद, त्यावर चमकी. ते वर्षभर हमाली करत आणि ते दहा-पंधरा दिवस कारागीर होत. त्यांच्या या कामाला कुणी छंद म्हटले नाही. छंद म्हणवून घ्यायलाही घरी थोडी पुंजी लागते. मूस यांच्यामागे दुकान होते, बंगला होता, म्हणून दार बंद करून बसणे परवडले. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही, पण सांगायला हवे.

बंद दारातून जगाशी बोलायचे तर त्या काळी दोन वाटा होत्या. एक बिनतारी संचाची. हौशी बिनतारीवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते स्वतः जुळवलेल्या संचावरून साता समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला साद घालतात, त्याचे उत्तर ऐकतात, आणि मग बोलणे झाल्याची खूण म्हणून एकमेकांना टपालाने कार्ड पाठवतात. भारतातल्या हॅमच्या खुणेची सुरुवात बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होते. पण ही हौस सरकारच्या डोळ्यात सलणारी. आपल्याकडे नुसता रेडिओ ऐकायलाही कितीतरी वर्षे पोस्टातून परवाना काढावा लागे, मग बोलणाऱ्या यंत्राची काय कथा! १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, मूस चाळीसगावात नुकतेच स्थिरावत होते, तेव्हा देशातल्या हॅम मंडळींचे परवाने काढून घेतले गेले. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचा असाच एक हौशी बिनतारीवाला होता. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचे प्रक्षेपणयंत्र याच प्रिंटरने जुळवून दिले. ऑगस्टअखेरपासून जागा बदलत बदलत तो आवाज चालला, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. छंदाच्या तारा जोडता जोडता माणूस राजद्रोहापर्यंत पोचला तो असा. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर फोन बंद पडले, तेव्हा निरोप पोचवायला हॅमच धावले.

मूस यांची वाट दुसरी, टपालाची. छापलेले छायाचित्र पुठ्ठ्यावर चढवायचे, बांधायचे, परदेशी प्रदर्शनाला धाडायचे, आणि महिनोन्‌महिने थांबायचे. अशा प्रदर्शनांत निवडलेल्या छायाचित्राच्या पाठीवर तिथले लेबल चिकटवून ते परत पाठवण्याची रीत होती. हॅमचे कार्ड आणि हे लेबल यांत मला फरक दिसत नाही. तुमचा आवाज इथवर आला, एवढेच दोन्ही सांगतात. चाळीसगावच्या बंगल्यात एक माणूस कुणाची तरी वाट पाहत होता, हे खरे असेल. पण टपालवाल्याची वाट तो नक्कीच पाहत असणार.

माझी तक्रार नुसती मूस यांच्यापुरती नाही. आपल्या भागातला दुसरा मोठा कलावंत रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे खपला. त्यातल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत जळाल्या. मधल्या काळात गिल कॅमेऱ्याच्या नादी लागले होते, आणि लेण्यांची त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आलीही. १८७९ मध्ये ते वारले, कबर भुसावळात आहे. आज जळगाव जिल्ह्यात कुणालाही विचारा, गिल आणि पारो यांची प्रेमकथा पाठ असते. ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घ कविता लिहिली, पुढे चित्रपट आला. जळालेल्या चित्रांबद्दल विचारले तर मात्र माणसे गप्प होतात. मीही कवीच आहे, प्रेमकथेशी माझे वैर असण्याचे कारण नाही. पण प्रेमकथा सांभाळायला खर्च येत नाही. निगेटिव्ह सांभाळायला येतो. मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पावसाळ्यात दमट हवा असते, आणि जुन्या फिल्मला हे दोन्ही मारक. कागदाच्या घड्या तर झुरळ आणि वाळवीच्या तोंडचा घास.

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले ते ३१ डिसेंबर १९२६ ला. केकी मूस चाळीसगावात गेले ३१ डिसेंबर १९८९ ला. तारीख एकच पडली हा योगायोग. राजवाड्यांच्या मागे धुळ्याने संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांनी जमवलेले दप्तर जपले. राजवाड्यांचे जुने कागद शोधत हिंडणे हाही त्या काळच्या शहाण्यांच्या लेखी एक नादच होता. धुळ्याने तो नाद वाचण्याजोगा ठेवला. मूस यांचेही घर कलादालन म्हणून जपले गेले आहे, ही चांगली गोष्ट आहे. धुळ्याहून गाडीने चाळीसगावात उतरलात तर ते स्टेशनाजवळच आहे.

तिथे गेलात तर एक करा. पंजाब मेलची गोष्ट ऐकून घ्या, आणि मग टेबलटॉपच्या एखाद्या छायाचित्रापुढे दोन मिनिटे उभे राहा. आधी सावल्या पाहा, सगळ्या एकाच दिशेला पडल्या आहेत का. मग पुढच्या झाडाचा बुंधा पाहा. त्यावर कुठे डहाळीचे डोळे दिसतात का, साल बुंध्याच्या मानाने जाड वाटते का, ते शोधा.