धुळघाट चढणारे डिझेल इंजिन
३. लेखक अकोला–खांडवा मीटरगेजवरच्या ‘वायडीएम-४’ला दुबळे ठरवतात, ते निव्वळ अश्वशक्ती पाहून. सुमारे १४०० अश्वशक्तीचे हे इंजिन होते ७२ टनांचे. रूळच हलके, त्याहून जड इंजिन चालवणार कुठे? शिवाय मेळघाटात धुळघाटजवळ गाडी स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेत चढे. अशा चढावर अश्वशक्तीपेक्षा चाकांची रुळावरची पकड मोलाची. अश्वशक्तीचा खरा उपयोग वेग आल्यावर. ब्रॉडगेजवरची मालवाहू जोडी पाहा : ‘डब्ल्यूडीजी-३ए’ ३१०० अश्वशक्तीचे, ‘डब्ल्यूडीजी-४’ ४००० चे. वजनांत फरक किरकोळ, तरी सुरुवातीची ओढ अनुक्रमे सुमारे ३८ आणि ५३ टन. श्रेय एसी मोटारींचे आणि चाक घसरू न देणाऱ्या नियंत्रणाचे. – संपा.