किलेअर्क ते गाडीवाट : शाळेतले यंत्र आणि त्याची भाषा

गाडीवाट हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे गाव. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला : परदेशी भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? बहुतेकांनी जपानीचे नाव घेतले. कारण विचारता यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ, असे उत्तर आले. शाळेत जपानीचा शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हते. शिक्षकांनी इंटरनेटवरून चित्रफिती आणि भाषांतराचे साहित्य गोळा केले. बातमी शहरातील एका भाषातज्ज्ञाच्या कानी गेली, आणि जुलै २०२० पासून, करोनाच्या टाळेबंदीतच, त्यांनी ऑनलाइन वर्ग विनामूल्य घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२० मध्ये ही हकिकत देशभरच्या वृत्तपत्रांत आली आणि तिचे यथायोग्य कौतुक झाले.

त्या कौतुकात आम्हीही सामील होतो. तथापि एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. यंत्राची आवड असलेल्या मराठी मुलाला यंत्राकडे जाण्यासाठी प्रथम दुसऱ्या भाषेच्या दारात उभे राहावे लागेल, हे कोणी शिकवले? पाठ्यपुस्तकात तर तसे कोठे लिहिलेले नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या शहरानेच हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोठ्या जिद्दीने सोडवला होता आणि तो सोडवताना एक मोठी चूकही केली होती. शाळांच्या आधुनिकीकरणाची चर्चा आज पडदे, टॅब आणि इंटरनेटची जोडणी यांभोवती फिरते. म्हणून तो जुना अध्याय पुन्हा उघडणे आम्हांस अगत्याचे वाटते. (जुन्या काळाविषयी लिहिताना शहराचे तेव्हाचे औरंगाबाद हे नाव ठेवले आहे.)

मौलवीसाहेबांचा छापखाना

इ. स. १९१३ च्या सुमारास अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय औरंगाबादेत आले. आणणारे मौलवी अब्दुल हक (१८७०-१९६१). ते निजामी शिक्षण खात्यात होते आणि शाळा तपासनीस म्हणून या भागात काम करीत होते. पुढे उर्दू जगताने त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हटले. मूळचे उत्तर हिंदुस्थानातले हे गृहस्थ कित्येक वर्षे औरंगाबादेत राहिले, आणि त्या काळात हे दूरचे जिल्ह्याचे ठिकाण उर्दू ज्ञानव्यवहाराचे एक केंद्र बनले. जानेवारी १९२१ मध्ये येथून 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. १९२८ मध्ये 'साइन्स' नावाचे नियतकालिक सुरू झाले. इंग्रजी-उर्दू शब्दकोशाचे प्रचंड काम तडीस जाऊन १९३७ साली तो कोश प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून औरंगाबादचे नाव आहे.

याच सुमारास हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाची उभारणी चालू होती. १९१७ मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला. त्याची धुराही आरंभी अब्दुल हक यांच्याकडेच होती. विद्यापीठाचे फर्मान १९१८ चे. म्हणजे विद्यापीठ उघडण्याच्या आधी त्याची पुस्तके तयार करण्याची यंत्रणा उभी राहिली. हा क्रम वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. रसायन, पदार्थविज्ञान, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी हे सर्व एका हिंदी भाषेतून शिकवण्याचा निश्चय झाला होता. त्यासाठी परिभाषा समित्या बसल्या. एकेका संज्ञेवर वाद झाले : अरबी धातूवरून शब्द घडवावा, की लोकांच्या तोंडी रुळलेला घ्यावा, की इंग्रजीच ठेवावा? मराठीत आपण हाच वाद पुढे घातला, त्याचा हा वडीलभाऊ.

या विद्यापीठाशी जोडलेले इंटरमिजिएट कॉलेज औरंगाबादेत १९२३ मध्ये निघाले. किलेअर्क परिसरातले आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. त्या काळात मुंबई वा मद्रासच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षण इंग्रजीवाचून घेताच येत नसे. औरंगाबादचा विद्यार्थी मात्र विज्ञानाचे पुस्तक उर्दूत उघडू शकत होता. आधुनिक शिक्षण म्हणजे इंग्रजी शिक्षण, हे समीकरण येथे मोडले गेले. ते मोडण्यासाठी लागलेली साधने साधी होती. भाषांतरकार, कोशकार, शिळाछाप आणि खिळे. नस्तालीक वळणाची उर्दू खिळ्यांत नीट बसत नाही. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढत तिरकी उतरतात, आणि म्हणून उर्दू पुस्तके दीर्घकाळ कातिबाच्या हातची आणि दगडावरून छापलेली अशी निघत राहिली. यंत्र आडमुठे होते. माणसांनी त्याच्याशी जुळवून घेत काम चालू ठेवले.

ज्यांची भाषा वगळली गेली

आता या उज्ज्वल चित्राची दुसरी बाजू. निजामी राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. उर्दू ही थोड्यांची मातृभाषा. प्राथमिक वर्गांत स्थानिक भाषेला जागा होती, पण वर चढू पाहणाऱ्या मराठी मुलाला उर्दूचा उंबरठा ओलांडावाच लागे. बोरी-बाभळींतून चालत येणाऱ्या कुणब्याच्या पोराला इंग्रजी जितकी परकी, तितकीच विज्ञानातली ती अरबी-फारसी परिभाषाही परकी. अब्दुल हक यांनी ज्या तत्त्वावर एवढे काम उभे केले, शिक्षण स्वभाषेतून व्हावे हे ते तत्त्व, राज्याने बहुसंख्य मुलांपुरते नाकारले.

म्हणून याच शहरात त्याच काळात दुसरी धारा वाहू लागली. १९१५ साली सरस्वती भुवनची स्थापना झाली. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, अंबाजोगाईचे योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अशी ही मालिका. खासगी शाळांवर परवानगीचे जाचक नियम असताना मराठी शिक्षकांनी तुटपुंज्या पगारावर त्या चालवल्या. त्यांच्याजवळ ना भाषांतर विभाग होता, ना सरकारी छापखाना. मराठी पुस्तके सरहद्दीपलीकडून, मुंबई-पुण्याहून येत. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे नेते या शाळांच्या वर्गांतूनच सार्वजनिक जीवनात आले, हा योगायोग म्हणता येत नाही.

दोन्ही धारांची टक्कर नोव्हेंबर १९३८ मध्ये झाली. औरंगाबादच्या त्याच इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. मनाई झाली, चळवळ पेटली, हैदराबादपर्यंत पसरली. विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि अनेकांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. हिंदुस्थानी भाषेत विज्ञान शिकवणारी संस्था आपल्याच विद्यार्थ्यांच्या ओठांवरचे शब्द सहन करू शकली नाही. आधुनिकता होती, उपकरणे होती, पुस्तके होती. समोर बसलेले मूल मात्र हिशेबात धरलेले नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय उघडले, तेच आजचे मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. शिक्षणाचे दार अशांसाठी उघडले, ज्यांना उर्दूच्या राज्यात आणि मराठीच्या गावगाड्यात, दोन्हीकडे, उंबऱ्याबाहेर ठेवले होते. उस्मानिया विद्यापीठ मात्र इंग्रजीकडे वळले. दारुल तर्जुमाची तीस वर्षांची मेहनत ग्रंथालयांच्या फळ्यांवर धूळ खात पडली. अन्यायी चौकट मोडली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर एक पद्धतही विस्मृतीत गेली. आधी ज्ञान भाषेत आणायचे, मग वर्ग उघडायचा, ही ती पद्धत.

आकाशातून आलेले गुरुजी

पुढचा इतिहास उपकरणांचा आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यंत्र शिक्षकाची वा पुस्तकाची जागा घेईल हे भाकीत नवे नाही. १९१३ मध्येच एडिसनने चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील असे सांगितले होते. आपल्याकडे ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रह दूरदर्शनचा प्रसिद्ध प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसले. कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उडिया भाषांत होते. मराठी त्यात नव्हती, कारण महाराष्ट्रच त्यात नव्हता. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' उभी राहिली तेव्हा मराठी मुलासाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती बनवणारी स्वतंत्र संस्था प्रथमच मिळाली. २०१७ मध्ये ती बंद झाली. ज्या वर्षांत गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून पडदे आणि प्रोजेक्टर घेत होत्या, त्याच वर्षांत पडद्यावर दाखवायचे मराठी साहित्य तयार करणारे घर आपण मिटवले. या विसंगतीवर फारसे कोणी बोलले नाही.

संगणकाची कथाही अशीच. १९८४ च्या सुमारास केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. त्यांची भाषा अर्थातच इंग्रजी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले, तरी व्यवहारात आपण पुढची कित्येक वर्षे निरनिराळ्या फाँटांच्या बेटांवर राहिलो. एका संगणकावर टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अक्षरांची रांगोळी दिसे. हा अनुभव आमच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी शिक्षकाच्या गाठी आहे. नस्तालीकशी झगडणाऱ्या त्या जुन्या कातिबांची आठवण आम्हांला अशा वेळी होत असे. फरक इतकाच, की त्यांच्या पाठीशी एक संस्था होती, आणि आपण प्रत्येक जण एकेकटे दुकानदाराला फोन करीत होतो.

२०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात डिजिटल शाळांची लाट आली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. टाळेबंदीत, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका दाखवली गेली; ती मराठीतच होती आणि तिला फोन लागत नव्हता. यातील चांगले ते चांगलेच म्हटले पाहिजे. मात्र केवळ उपकरणे वाटून काय होते, याचा पुरावाही जगासमोर आहे. पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लॅपटॉप दिले. २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषा यांत मुलांची प्रगती आढळली नाही. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षण अहवालात सगळ्या देशांना विचारलेला प्रश्न तर हाच होता, की हे तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर शाळेत येते आहे.

आजचा उंबरठा

अटींचा विषय निघाला म्हणून आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आज मराठी माध्यमाच्या असंख्य शाळांत 'सेमी इंग्रजी' आहे : भाषा आणि इतिहास मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पालकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पुढचे शिक्षण इंग्रजीत असेल तर आधीच सवय झालेली बरी, हा हिशेब चूक कसा म्हणावा? आमच्या बी. ए.च्या वर्गात या शाळांतून आलेली मुले बसतात. विज्ञानविषयक निबंध वाचताना 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द आला की काही जण थबकतात. फोटोसिंथेसिस म्हटले की चेहरा खुलतो, पण ते काय असते ते सांग म्हटले तर इंग्रजीतली पाठ केलेली व्याख्या अर्ध्यावर अडते आणि मराठीत सुरुवातच होत नाही. दोन भाषांच्या मध्ये मूल उभे आहे. गेल्या शतकात उर्दूच्या उंबरठ्यावर अडलेल्या मुलाशी त्याचे नाते लावताना आम्हांला फार कष्ट पडत नाहीत.

साधने नाहीत असेही नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले. पण अंजुमनच्या कामात कोश, नियतकालिक, पाठ्यपुस्तक आणि वर्ग ही एकाच साखळीची कडी होती. आपल्याकडे कोश कपाटात, पाठ्यपुस्तक दप्तरात आणि पडदा भिंतीवर. त्यांची एकमेकांशी ओळख कोणी करून दिलेली नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वर्गात येऊ घातली आहेत. ती जितके मराठी वाचतील तितकेच मराठी बोलतील. त्यांना वाचण्याजोगे विज्ञानाचे मराठी आज आपण किती लिहीत आहोत, याचा हिशेब करायला यंत्र खरेदीची निविदा निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

किलेअर्कच्या त्या अध्यायातून दोन गोष्टी एकदम घ्याव्या लागतात. अब्दुल हकांची चिकाटी घ्यावी आणि निजामी राज्याचा आंधळेपणा टाकावा. स्वभाषेत ज्ञान आणण्याचे काम करताना वर्गातील कोणाची भाषा वगळली जाते आहे, हेही पाहावे. मराठवाड्यातल्या वर्गांत आजही घरी उर्दू, बंजारा वा भिल्ली बोलणारी मुले आहेत, आणि त्यांच्यासाठी आपली प्रमाण मराठी हा पुन्हा एक उंबरठाच असतो.

शेवटी पुन्हा गाडीवाट. ज्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी शाळेने 'विषयमित्र' ही युक्ती काढली. ऑनलाइन वर्गात बसलेले मूल आपण शिकलेले दुसऱ्याला शिकवी. जपानीचा शब्द फोनमधून येई, आणि त्याचा अर्थ एक मूल दुसऱ्याला समजावून देई. कोणत्या भाषेत? गाडीवाटच्या मराठीत. तेथे कोणी परिभाषा समिती नेमली नव्हती. पण दारुल तर्जुमाने जे काम सरकारी इतमामाने केले, तेच काम त्या मुलांनी गरजेपोटी, आपापसांत केले. त्यांच्या हाती तेव्हा विज्ञानाचे एखादे चांगले मराठी पुस्तक असते तर त्यांनी तेही असेच एकमेकांना समजावले असते. ते पुस्तक लिहिण्याचे काम मात्र आमच्यासारख्या, पगार घेऊन मराठी शिकवणाऱ्यांचे आहे, आणि ते आम्ही अद्याप केलेले नाही.