काडेपेटीतल्या काड्या आणि ‘यामातो’वरचे फासे

दुसऱ्या महायुद्धावरचे हवाई युद्धखेळ रचणाऱ्याची खरी कसोटी एकाच जागी लागते: बॉम्बर आणि फायटर यांची पारडी सारखी कशी राखायची? बॉम्बर जड आणि संथ, पण डावाचा निकाल त्याच्याच बॉम्बवर ठरतो. फायटर चपळ, पण त्याला बॉम्बरच्या रक्षणाला जुंपले की ती चपळाई खुंटते. या खेळांची वंशावळ फ्रेड जेनचा १८९८ मधला आरमारी खेळ आणि न्यूपोर्टचे अमेरिकी नौदल महाविद्यालय यांच्यापासून सांगण्याची रीत आहे. पट आणि पंच तिथून आले, हे खरे. समतोलाचे मूळ मात्र कॅलिफोर्नियातल्या एका घरात, काड्या मांडलेल्या टेबलावर सापडते.

तिथे १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचा वैमानिक जॉन थॅच रात्री काड्यांची विमाने करून बसत असे. २२ सप्टेंबर १९४१ च्या एका गुप्तवार्ता पत्रकातून जपानी फायटर ‘झिरो’ची ख्याती त्याला कळली होती. चढण्यात आणि वळण्यात अमेरिकी ‘वाइल्डकॅट’ तिच्यापुढे टिकणारे नव्हते. थॅचने विमानांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी, वळणाच्या वर्तुळाएवढ्या अंतरावर ठेवल्या. शत्रू एका जोडीच्या शेपटीमागे लागला, की दोन्ही जोड्या एकमेकींच्या दिशेने वळत. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्या जोडीच्या बंदुकांसमोर येई.

पुढची गोष्ट अधिक मोलाची. हा डाव हवेत तपासताना थॅचने हल्ल्याची चार विमाने सहकारी वैमानिक बुच ओ’हेअरच्या हाती दिली आणि त्यांना इंजिनाची पूर्ण ताकद वापरू दिली. स्वतःच्या चार विमानांचे थ्रॉटल मात्र तारेने बांधून घेतले. झिरो हाताशी नव्हती, म्हणून आपलेच विमान दुबळे केले. तरीही ओ’हेअरला नेम साधता येईना. पटावर कमजोर बाजूला न्याय देणाऱ्या प्रत्येक नियमाचा पूर्वज ही तार आहे.

याला तुल्यबळ दावेदार एकच. मे १९४२ च्या सुरुवातीला ‘यामातो’ या युद्धनौकेवर जपानी आरमार मिडवे बेटावरच्या आगामी मोहिमेचा खेळ खेळत होते. बेटावरच्या अमेरिकी बॉम्बरांनी विमानवाहू नौकांवर हल्ला केला. पंच ओकुमिया यांनी फासे टाकले, नऊ बॉम्ब लागले. खेळाचे सूत्रधार अॅडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन केले. ‘कागा’ बुडाली, ‘अकागी’चे किरकोळ नुकसानीवर निभावले, आणि पुढच्या टप्प्यात बुडालेली ‘कागा’ पुन्हा हजर झाली.

ही हकीकत जपानी आरमारी वैमानिक फुचिदा आणि खुद्द ओकुमिया यांच्या पुस्तकातून पसरली, आणि ‘फसवणूक’ हा शिक्का उगाकींवर बसला. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे, की त्यांनी फक्त अवास्तव आकडा खाली आणला. त्यात तथ्य आहे. ४ जून १९४२ रोजी, खऱ्या लढाईत, मिडवेवरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब किंवा टॉर्पेडो जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. फाशांनी नऊ म्हटले, उगाकींनी तीन, प्रत्यक्षात शून्य! आकड्यापुरते उगाकी सत्याच्या जवळ होते. ‘कागा’ला जिवंत करण्याचे समर्थन मात्र त्या शून्यातूनही होत नाही. त्यांनी सूट आपल्याच बाजूला दिली. थॅचने आपल्याच बाजूची काढून घेतली.

हे दोन्ही खेळ त्याच दिवशी समोरासमोर आले. १२ डेव्हास्टेटर टॉर्पेडो विमानांच्या रक्षणाला थॅचकडे ६ वाइल्डकॅट होती. चारचारांच्या रचनेत ६ बसत नाहीत. एक विमान लगेच पडले, आणि थॅचने उरलेल्यांतल्या डिब या तरुण वैमानिकाला हाताशी धरून काड्यांचा डाव झिरोंच्या गर्दीत खेळला. त्याने स्वतः तीन झिरो पाडल्या. तरी टॉर्पेडो विमानांपैकी १० तिथेच पडली, उरलेली दोन परतताना समुद्रात उतरली. डावाने फायटर वाचवले, बॉम्बर नाही. पण झिरो त्यांच्यात गुंतल्या असताना वरून डाइव्ह बॉम्बर आले आणि काही मिनिटांत तीन विमानवाहू नौका पेटल्या.

समतोलाचा उगम १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतही शोधता येईल, कारण तिथे जर्मन फायटरांना बॉम्बरांच्या अगदी जवळून उडण्याची सक्ती झाली. रक्षकाला बांधून ठेवणारा नियम तिथून आला असेल. पण ती वरून आलेली आज्ञा होती. त्यात कोणी दोन्ही बाजू तपासून पाहिल्या नव्हत्या.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या अॅव्हलॉन हिल कंपनीने ‘मिडवे’ हा पटखेळ काढला, तेव्हा सल्लागार होते वेड मॅक्लस्की. मार्च १९४२ पर्यंत ते फायटर तुकडीचे प्रमुख होते. जूनमध्ये मिडवेच्या लढाईत ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेच्या डाइव्ह बॉम्बरांचे नेतृत्व त्यांनीच केले. दोन्ही बाजूंचे दुखणे अंगावर घेतलेला माणूस खेळाच्या सल्ल्याला बसला. काड्यांच्या टेबलावरची शिस्त दुकानातल्या खोक्यात शिरली ती याच वाटेने, असे मानायला जागा आहे.